फक्त आईकडे

सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. पण माझी सख्खी मोठी बहीण एक्क्याऐंशी वर्षं परदेशात राहिली, आणि तो परदेश म्हणजे आमचंच स्वयंपाकघर.

हसू नका, जावईबापू. तुम्ही इपोहचे. तुमच्याकडे नदी म्हणजे पुलाखालचं पाणी. आमच्याकडे नदी लागली की देश संपतो. मघाशी सतरंजी पसरताना तुम्ही हुई मिनच्या कानात विचारलंत ना, ‘कबर झाडायला आलोय, तर कबर कुठाय?’ ऐकलं मी. सांगतो. उदबत्त्या आत्ताच लावल्यात. त्या विझेपर्यंत आईचं जेवण चालणार, आणि तिचं होईस्तोवर त्या उकडलेल्या कोंबडीला आपण कोणी हात लावायचा नाही. तेवढ्यात माझं सांगून होतं.

आमची आई मेक सूम; ‘मेक’ आमच्याकडे बायकांना मानाने म्हणतात. माहेर गोलोक नदीच्या पलीकडचं, म्हणजे दुसऱ्या देशातलं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा नियम कुठल्याही सरकारपेक्षा जुना. आई पोट सांभाळत होडीत बसली, पलीकडे गेली, तिथे लियानताई झाली, आणि महिन्याने दोघी त्याच होडीतून परत आल्या. होडीवाल्याने बाळाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. दुसऱ्या खेपेला माहेरी कोण पाठवतंय? मी इथेच जन्मलो, भाताच्या कणगीमागे, आणि जन्मताच सुईणीला म्हणालो, ‘वेळ फार लावलात.’ असं मी सांगतो. ताई सांगते, नुसता रडत होतास.

तर मला निळं कार्ड आणि तिला लाल. निळं म्हणजे घरचा. लाल म्हणजे राहा, जेवा, म्हातारे व्हा, पण दार वाजवून आत या. तिने इथे संसार केला, नवऱ्याला अग्नी दिला, दोन मुलं वाढवली, अर्ध्या गावाच्या बाळंतिणींना न्हाऊ घातलं. लाल ते लालच. आणि तिला त्याचं काही नव्हतं. दर चेंग बेंगला, म्हणजे एप्रिलातल्या पितरांच्या सणाला, होडीत बसायची, पलीकडच्या टेकडीवर आईची कबर झाडायची, संध्याकाळी घरी. आईने मरताना सांगितलेलं, मला माझ्या आईशेजारी ठेवा. ठेवली.

मग गेल्याच्या गेल्या डिसेंबरात होड्या बंद झाल्या. काठावर शिपाई बसले. पलीकडे जायचं तर पुलावरून, पुलावर पास दाखवायचा, आणि पास मिळतो फक्त निळ्या कार्डाला. म्हणून ताई म्हणाली, मला निळं कार्ड हवं. मत द्यायला नको, पेन्शनला नको. आईकडे जायला हवं. एवढंच.

अर्ज मे महिन्यात हुई मिनने भरला. तुमची बायको हुशार आहे, पण तेव्हा तिने एक गोष्ट आजीला विचारलीच नाही. जानेवारीत नियम बदलला होता: लाल कार्डवाल्याने अर्जाआधीचे सलग बारा महिने देशाबाहेर पाऊल टाकलेलं नसावं. पूर्वी नदीपलीकडची खेप कोणी मोजत नसे. आता ती मोजायची ठरली. हुई मिनने त्या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिलं आणि पुढे गेली. आजी कुठे जाणार? आजी तर आयुष्यात क्वाला लुंपूरलासुद्धा गेलेली नाही.

ऑगस्टात मुलाखतीचं बोलावणं आलं. आदल्या दिवशी शनिवार; आमच्याकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणून सगळे घरी. भाची मेक बुंगा पाटावर बसून केराबूच्या कोशिंबिरीसाठी पाला चिरत होती. तिची कॉफीची टपरी त्या दिवशी बंद. भाचा बून तेक, म्हणजे तुमचे सासरे, दारात वर्तमानपत्र घेऊन. मुख्याध्यापक माणूस, घरातही असा बसतो की वाटावं आत्ता घंटा होईल. मी आंबवलेल्या मासळीच्या बुडूच्या बरणीशेजारी, कारण तिथे वारा येतो. आणि हुई मिन आजीची तयारी करून घेत होती.

“आजी, नीट ऐक. त्या बाई विचारतील, गेल्या बारा महिन्यांत देशाबाहेर गेला होतात का?”

“मी?” ताई हसली. “मी कुठे जाणार मेली! नाही.”

“शाब्बास. असंच म्हणायचं.”

“फक्त आईकडे गेले होते. एप्रिलात.”

बुंगाची सुरी थांबली. तेकच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. मी बरणीत डोकावून पाहू लागलो, जणू आत कोणी ओळखीचं दिसतंय.

“कुठल्या आईकडे?” हुई मिनचा आवाज एवढासा झाला.

“मला किती आया आहेत?”

“आजी, पणजीची कबर पलीकडे आहे.”

“हो मग? कबर काय चालत येते? चेंग बेंग होतं. गेले, झाडली, आले.”

“आई, होड्या बंद होत्या,” तेक म्हणाला. एकेक शब्द फळ्यावर लिहिल्यासारखा. “तू गेलीस कशी?”

ताईने नुसतं माझ्याकडे पाहिलं. तेवढं पुरे झालं.

आता खरं सांगतो, जावईबापू. पहाट होती, धुकं असं की स्वतःचं नाक दुसऱ्याचं वाटावं. मी जुनी होडी काढली. ताई मध्ये बसली, मांडीवर कोंबडीचा डबा आणि झाडू. नदीच्या मध्यावर आलो आणि होडीखाली मगर आली. मोठी. होडीइतकी नाही, होडीपेक्षा मोठी. मी म्हटलं, ‘बाई, आईकडे चाललोय.’ ती बाजूला झाली आणि शेपटीने एक धक्का दिला. निम्मं अंतर फुकटात गेलो. येताना मात्र काठावर शिपायाची विजेरी फिरली. आम्ही वेतांमध्ये शिरून बसलो. ताईचं पाऊल पाण्यात, आणि तोंडातून चकार शब्द नाही. हा दुसरा भाग मी कोणाला सांगितला नव्हता.

त्या दिवशी सांगावा लागला.

तेक उठला. “उद्या जायचं नाही. अर्ज मागे घ्यायचा.”

“का म्हणून?” बुंगाने सुरी पाटावर आपटली. “होडी कोणी पाहिली? कुठे शिक्का आहे? कुठे काय आहे? ‘नाही’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.”

“शपथेवर खोटं?”

“तुझ्या शाळेत तपासणीला साहेब येतात तेव्हा फुलझाडांच्या कुंड्या भाड्याने आणतोस, ते काय असतं रे?”

“कुंड्या पकडल्या तर कुंड्या परत जातात. आई पकडली गेली तर? चोरून नदी ओलांडली म्हणून लाल कार्डसुद्धा काढून घेतलं तर? मग तिला ठेवणार कुठे? ना अलीकडची, ना पलीकडची!”

हे कोणाच्या मनात आलं नव्हतं. हुई मिनच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी लिहिलं ते ‘नाही’,” ती म्हणाली. “मी विचारलंच नाही आजीला. बाबा म्हणतात तेच बरोबर. मागे घेऊ.”

“झालं!” बुंगा म्हणाली. “बाप-लेकीची शाळा भरली. आणि मी? दर खेपेला कार्डाचं काही निघालं की आईबरोबर मी जाते. तू नाही, दादा. त्या रांगेत परदेशी मजूर उभे असतात, बिचारे कालपरवा आलेले, आणि त्यांच्यात माझी आई, पानाचा डबा घेऊन. मागच्या वेळी एकाने तिला विचारलं, ‘आजी, तुम्ही कुठल्या देशाच्या?’ आई म्हणाली, ‘त्या गल्लीच्या टोकाला राहते.’ तू ऐकलंयस हे?”

तेकने वर्तमानपत्राची घडी घातली, मग तीच पुन्हा मोडली. त्याच्या मनात काय चाललंय ते मला कसं कळलं म्हणाल, तर मी त्याला लंगोटात असल्यापासून ओळखतो. लहान असताना शाळेत मास्तरांनी आईचं कार्ड मागवलं होतं. सगळ्या पोरांच्या आयांची निळी. हा मास्तरांना म्हणाला, आईचं हरवलंय. घरी येऊन ओकला. तेव्हापासून त्याने कुठलाच नियम मोडला नाही. त्या घरात निळ्या कार्डाची सगळ्यात जास्त भूक त्यालाच होती, आणि तोच म्हणत होता, नको.

मी म्हटलं, आता आपण बुंगाला हात द्यावा. “उद्या साक्षीला मी आहेच की,” मी म्हणालो. “दोन साक्षीदारांतला एक मी. दुसरे शेजारचे हाजी देरामान. त्यांनी आपली साक्ष आधीच दिलीय, त्यांना होडीचं ठाऊकही नाही. मी सांगेन, माझी बहीण उंबऱ्याबाहेर पडली नाही. कोण म्हणेल खोटं?”

“सगळं गाव म्हणेल, मामा!” तेक ओरडला. “तुम्ही ‘सकाळ झाली’ म्हणालात तरी लोक खिडकी उघडून बघतात!”

आणि बुंगा, जिच्या बाजूने मी बोललो, तीच माझ्यावर उलटली. “शिपाई होता म्हणालास ना? विजेरी घेऊन? ऐंशी वर्षांच्या आईला वेतात लपवलंस? मामा, त्याने गोळी घातली असती म्हणजे?”

“मगर मध्ये पडली असती,” मी म्हणालो.

तिने पाल्याची टोपली उचलली आणि मागच्या अंगणात निघून गेली. जाताना तेकला म्हणाली, “दादा, तुझंच खरं. नको ते कार्ड.”

बघा कसं असतं. तासाभरापूर्वी घराच्या दोन बाजू होत्या. आता एकच उरली, आणि त्या बाजूला ताई नव्हती. ती चुलीपाशी बसून नारळ खवत होती. तिला कानाने कमी ऐकू येतं, पण कोणाला वाटेल की तिने काही ऐकलं नाही, तर तो चुकला. खवणीचा आवाज प्रत्येक वाक्याला थांबत होता.

संध्याकाळी ताई ओटीवर पान लावत होती. मी पाण्याच्या रांजणामागे होतो. लपलो नव्हतो, तिथे गारवा असतो. तेक आला आणि तिच्या पायाशी बसला, मुख्याध्यापकपण सगळं उतरवून.

“आई, मी विचार केला.”

“जेवलास का?”

“आई, ऐक. आपण उद्या जाऊ.”

मी रांजणामागे श्वास धरला. हे आपलं पोर बोलतंय?

“जाऊ,” तेक म्हणाला. “आणि तू एकच शब्द बोल. ‘नाही.’ पुढे काही नको. बुंगाचं ऐकू नको, ती घाबरलीय. मीच घाबरवलं तिला. पण आज नाही केलं तर पुढचा नियम काय येईल कोणाला ठाऊक. तुझं वय… तू परत कधी पलीकडे जाऊ शकणार नाहीस. एक शब्द, आई. त्याचं पाप मला लागो.”

ताईने पानाला चुना लावला. मग म्हणाली, “मी आईकडे गेले नव्हते, असं म्हणू?”

“नाही गं. देशाबाहेर गेले नव्हते, असं म्हण.”

“एकच की ते.”

“एक नाही, आई!”

“तेक, मी तिच्या कबरीवर हात ठेवून सांगितलं होतं, पुढच्या वर्षी येते. आता त्या बाईपुढे जाऊन सांगू, मी आलेच नव्हते? मग तिथे कोण बसलं होतं? तुझी मावशी?”

तेकला मावशी नाही. तो हसला, आणि हसता हसता त्याने तोंड तिच्या सारोंगमध्ये खुपसलं. त्याच्या पाठीवर पानाचा हात ठेवून ती बसून राहिली. त्याच्या पांढऱ्या शर्टावर चुन्याची बोटं उमटली. दुसऱ्या दिवशी तोच शर्ट घालून तो कोता बारूच्या कचेरीत आला; बुंगाने सांगूनही बदलला नाही. हो, बुंगाही आली. येणार नव्हती, पण पहाटेच पानाचा डबा भरून गाडीत जाऊन बसली होती. “रांगेत मला सवय आहे,” म्हणाली.

मुलाखतीच्या बाईंचं नाव पुआन सुरायनी; पुआन म्हणजे बाईसाहेब. तरुण, दक्षिणेकडून बदलून आलेल्या. आमची बोली त्यांना निम्मी कळायची, निम्मी अंदाजाने. खोलीत ताई, मी साक्षीला आणि मदतीला हुई मिन. तेक आणि बुंगा काचेपलीकडे बाकावर, एकमेकांकडे न पाहता शेजारी शेजारी.

नाव विचारलं. नवऱ्याचं नाव विचारलं. राष्ट्रगीत म्हणायला सांगितलं; ताईने असं म्हटलं की शेजारच्या खोलीतला शिपाई उठून उभा राहिला. भाजी कुठली करता? बुडू घरी घालता का? बाई हसायला लागल्या होत्या. मला वाटलं, निभावलं.

“आणि मेक, अर्जाआधीच्या बारा महिन्यांत देशाबाहेर गेला होतात?”

हुई मिनने माझा हात धरला. नखं रुतली. काचेपलीकडे तेक उभा राहिला.

“नाही,” ताई म्हणाली.

बाईंनी पेन टेकवलं.

“फक्त आईकडे गेले होते.”

पेन वर आलं. “आई कुठे राहते?”

“राहत नाही. पुरलीय. टेकडीवर.”

“कुठल्या टेकडीवर?”

आता बघा, जावईबापू, माणसाची किंमत अशा वेळी कळते. ताईने तोंड उघडलं, आणि ती काही बोलायच्या आत मी पुढे सरकलो. म्हटलं, “पुआन, मी सांगतो. तुम्ही नवीन आहात. आमची नदी तुम्हाला माहीत नाही. आमची नदी झोपेत कूस बदलते! मोठ्या पुराच्या साली रात्रीतून तिने अशी कूस बदलली की सकाळी उठून पाहतो तर आमच्या आईची टेकडी अलीकडे! होती पलीकडे, आली अलीकडे. कबर, काजूचं झाड आणि एक पलीकडची म्हैस, तिघं एकदम आपल्या देशात आले. म्हशीला कोणी कार्ड विचारलं नाही. मग माझ्या बहिणीलाच का विचारता?”

हुई मिन डोळे मिटून बसली होती. पुआन सुरायनी माझ्याकडे पाहत राहिल्या, मग ताईकडे, आणि मग खदखदून हसल्या. डोळे पुसले. मला काका मानून म्हणाल्या, “पाकचिक, एवढी म्हैस पाठीशी असताना मी कोण नाही म्हणणार?” आणि खण उघडला. शिक्का असा मारला की टेबल हललं. तिथल्या तिथे! निळं कार्ड, नवं कोरं, गरम गरम, ताईच्या हातात. वर आम्हा सगळ्यांना चहा, आणि केळ्याची भजी. काचेपलीकडे तेक बुंगाच्या गळ्यात पडून…

“खोटं!”

ताई. तिकडे उदबत्त्यांपाशी, पाठमोरी, झाडू मांडीवर घेऊन बसलेली. वळलीसुद्धा नाही.

“सगळं खोटं, जावईबापू! मगरही खोटी आणि म्हैसही. ‘नदी होती तिथंच आहे, बाई, मीच ओलांडली,’ असं मी त्या पोरीला सांगितलं, आणि तिने उठून माझे हात धरले आणि अर्ज परत दिला. लाल कार्ड राहू देते म्हणाली, पण बारा महिने पुन्हा पहिल्यापासून, पाऊल बाहेर टाकायचं नाही, मग या. आणि तू रे आवांग, जिभेला हाड नसलेल्या! निळं कार्ड मिळालं असतं, तर आज आईचं पान मी नदीच्या या काठावर मांडून तिला इथून हाका मारत बसले असते का?”